नवव्या सायकलीची तक्रार

"हेल्मेट घट्ट होतंय का?" त्याने विचारलं, आणि तिच्या छातीत धस्स झालं.

प्रश्न तसा साधाच. सकाळचे आठ वाजले होते. दुकानासमोरच्या फरशीवर विजेवर चालणाऱ्या आठ सायकली ओळीने उभ्या होत्या, नारळांच्या फटींतून समुद्र चमकत होता, आणि सहलीला आलेल्या पाहुण्याला गाइडने जे विचारायचं तेच तो विचारत होता. पण हा आवाज... हा आवाज गेली दोन वर्षं तिच्या कानात होता. अगदी शब्दशः कानात. दर मंगळवारी सात मिनिटं, हेडफोनमधून.

तिने नुसती मान हलवली. घट्ट नाही.

"आणि पट्टा? टोचत नाही ना?"

पुन्हा मान. मग हे फारच विचित्र दिसेल असं वाटून तिने गळ्यावर बोट ठेवलं आणि कशीबशी पुटपुटली, "घसा... बसलाय."

थापा मारणं तिला कधीच जमलं नव्हतं. थाप मारली की तिचे कान लाल होत, आणि घरात ताई ते लगेच ओळखायची. आज कान हेल्मेटखाली होते, हे नशीबच.

"अरेरे! मग तुम्ही अजिबात बोलू नका," तो म्हणाला. "थांबायचं असेल तर घंटी एकदा वाजवा. पाणी हवं असेल तर दोनदा. आणि माझी बडबड ऐकवेनाशी झाली, तर... वाजवतच राहा."

ती आवाज न करता हसली. तो जरा सावळा होता, उंच, उन्हाने रापलेला, आणि हसला की डाव्या गालावर एकच खळी पडायची. खळीचं तिला माहीत नव्हतं. खळी फोनवर ऐकू येत नाही.

तर झालं होतं असं. या सायकली जी कंपनी बनवायची, तिच्या मदत केंद्रात ती कामाला होती. म्हणजे कालच्या शुक्रवारपर्यंत होती. पाचव्या मजल्यावरची लांबट खोली, बारा टेबलं, बारा हेडफोन, आणि खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. दिवसभर तक्रारी ऐकायच्या. बॅटरी लवकर उतरते, दिवा लागत नाही, चाक कुरकुर करतं. आणि दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी एक फोन आला.

"बेटावरून बोलतोय," पलीकडचा म्हणाला. "आमच्या चार नंबरच्या सायकलला चढ दिसला की रडू फुटतं. काही औषध आहे का?"

हसू दाबत तिने फॉर्म भरायला घेतला. सायकलचा क्रमांक, किती किलोमीटर झाले, आणि मग, "हवामान?"

"ऊन आहे," तो म्हणाला. "पण समुद्र आज दुधात निळी शाई सांडल्यासारखा दिसतोय. हे पण लिहिताय का?"

"लिहितेय," ती म्हणाली. आणि तिने खरंच लिहिलं.

तेव्हापासून दर मंगळवारी फोन. संवाद ध्वनिमुद्रित होत असे, सात मिनिटांच्या वर गेला की साहेबांच्या टेबलावर लाल दिवा लागे, त्यामुळे भलतंसलतं काही बोलायची सोयच नव्हती. सहा महिन्यांनी कंपनीने फॉर्ममधला हवामानाचा रकाना काढून टाकला. ती तरीही विचारत राहिली, आणि तो सांगत राहिला... आज वारा दक्षिणेकडून आहे, खडकावर बगळे रुसून बसल्यासारखे बसलेत, आज पाणी इतकं नितळ आहे की माशांना लाज वाटत असेल. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण "बेटाचा फोन गं!" म्हणून ओरडायची, आणि ही फोन उचलण्याआधी ओढणी सारखी करायची. फोनसाठी! मैत्रिणी हसून हसून बेजार व्हायच्या.

एकच गोष्ट तिला खात असे. कधीकधी पलीकडून एका बाईचा आवाज यायचा, "अरे, चहा गार होतोय!" त्या आवाजात असा काही हक्क होता, की हिला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण ते विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

मग कंपनीने ठरवलं, फोनवर आता माणसं नकोत, यंत्र उत्तर देईल. तिला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत शिकवण्याचं काम मिळालं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शेवटच्या मंगळवारी ती सहा वाजेपर्यंत टेबलावर बसून राहिली, आणि नेमका त्या दिवशी बेटाचा फोन आलाच नाही.

दुकानाचा पत्ता तिला पाठ होता. सुटे भाग तीच पाठवायची. तिने ताईला सांगितलं, मैत्रिणीबरोबर समुद्रावर जातेय. कान लाल झाले, पण ताई घाईत होती. बेत साधा होता. जायचं, एकदा डोळे भरून बघायचं, सहल करायची, साडेचारच्या बोटीने परत यायचं. चहावाल्या बाई दिसल्या, तर तोंडही न उघडता परत यायचं.

"वहिनी!" त्याने दुकानाच्या आत हाक मारली. "पाण्याच्या बाटल्या!"

"आणते रे! तू आधी ये, चहा गार होतोय!"

वहिनी! तिने इतका मोठा सुस्कारा सोडला, की शेजारी उभे असलेले गृहस्थ दचकून बघायला लागले. हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते, सोबत त्यांच्या पत्नी. सहलीला तेवढेच तिघं. मुख्याध्यापकांना दोन नंबरची सायकल मिळाली, त्यांच्या पत्नीला तीन नंबरची, आणि तिला पाच नंबरची.

"आता दुपारपर्यंत हीच तुमची नावं," तो म्हणाला. "दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर. चला!"

आणि निघाले. पायडलला पाय लावला, की कुणीतरी मागून पाठीवर हलकेच हात ठेवून ढकलावं तशी सायकल पुढे पळत होती. दोन वर्षं ती या सायकलींबद्दल बोलत आली होती. बसली आज पहिल्यांदाच. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नारळ आणि केतकीची दाट बेटं, मधून तांबड्या मातीचा रस्ता. तो पुढून ओरडून सांगत होता, "डावीकडून घ्या, उजवीकडे खेकड्यांची मिरवणूक आहे!" आणि खरोखरच बोटभर खेकडे रस्ता ओलांडत होते. तो त्यांच्यासाठीसुद्धा घंटी वाजवत होता.

गंमत म्हणजे तिला सगळं ओळखीचं वाटत होतं. बगळ्यांचा खडक आला, तो तिने त्याने दाखवण्याआधीच ओळखला. खारफुटीतून जाणारा लाकडी पूल आला. रस्त्याला दोन फाटे फुटले, तेव्हा ती विचार न करता वरच्या फाट्याने वळलीसुद्धा. कारण खालचा भरतीला पाण्यात जातो, हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

तो सायकल शेजारी घेऊन आला. "पाच नंबर, तुम्ही याआधी आला होतात का इथे?"

तिने मान हलवली. नाही. हे तर खरंच होतं.

"मग वरचा रस्ता कसा कळला?"

तिने खांदे उडवले आणि समोर बघत राहिली. तो बराच वेळ शेजारूनच चालवत होता. वाऱ्याने त्याचा शर्ट फुगत होता, आणि त्याची चाहूल तिला न बघताही कळत होती.

दीपगृहाच्या टेकडीखाली ते थांबले. त्याने तिच्यापुढे बाटली धरली. "पाणी घ्या, कोमट आहे. घशाला बरं वाटेल." कुणी खोट्या आजाराची इतकी काळजी घेतली, की फार अपराधी वाटतं. तिने बाटली घेतली. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही जरा उशिराच काढून घेतली.

तीन नंबरच्या बाईंची मात्र चौकशी सुरू झाली होती. "काय हो, लग्न झालंय का तुमचं?"

"अगं, बेट बघायला आलोय आपण," मुख्याध्यापक म्हणाले.

"बेट बघून झालं. झालंय का?"

"नाही," तो हसून म्हणाला. "बोलणी चालू आहेत."

"अय्या! कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. म्हणजे... बोलतोय मीच. समोरची फक्त तक्रार नोंदवून घेते."

तिला पाण्याचा असा ठसका लागला, की बाई तिची पाठ चोळायला धावल्या. तो हातातल्या पंपाशी चाळा करत समुद्राकडे बघत होता. आता सांगावं का? आत्ता, या क्षणी? पण जे त्याने एका अनोळखी पाहुणीसमोर सहज बोलून टाकलं, ते आपण चोरून ऐकल्यासारखं झालं होतं. तोंड उघडलं तर आधी थापेचा खुलासा करावा लागणार. आणि समजा, तो नुसती थट्टा करत असला तर?

तेवढ्यात समुद्रावरून एक सर आली. बेटावरची सर, ना ढगांचा गडगडाट, ना काही इशारा. चारही जण पत्र्याच्या शेडखाली पळाले. दहा मिनिटं पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता, ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि त्याच्या ओल्या कपाळावरून ओघळणारा थेंब भुवईत अडकतो की गालावर येतो, इकडे तिचं सगळं लक्ष लागलं होतं. गालावर आला. खळीपाशी वळला.

पाऊस थांबला आणि दोन नंबरची सायकल रुसली. मुख्याध्यापक जोर लावत होते, मोटर ढिम्म. पडद्यावर एक आकडा लुकलुकत होता. त्याने बॅटरी काढून बसवली, तारा पाहिल्या, मग खिशातून फोन काढला. हात चिखलाने भरले होते, म्हणून त्याने फोन सीटवर ठेवून आवाज मोठा केला.

"आज मंगळवार नाही," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने ओल्या केसांतून हात फिरवला, घसा साफ केला.

"मदत केंद्रात आपलं स्वागत आहे," फोन म्हणाला. "बॅटरीसाठी एक दाबा. मोटरसाठी दोन दाबा."

तो गोंधळला. दोन दाबलं. मग तीन. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "हॅलो? अहो, त्या बाई कुठे आहेत? मंगळवारी असतात त्या?"

"आपला पर्याय समजला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. तीनदा केला. मग फोन बंद करून तो नुसताच उभा राहिला. त्याचा चेहरा असा उतरला, की दोन वर्षांच्या बोलण्यात जे तिला कळलं नव्हतं ते त्या एका मिनिटात कळलं.

"पडद्यावर कोणता आकडा आहे?" तिने विचारलं.

"एकवीस," त्याने सवयीने उत्तर दिलं.

"डाव्या ब्रेकच्या मुठीखाली पिवळा जोड आहे. पाणी गेलंय त्यात. सायकलला वाटतंय, तुम्ही ब्रेक दाबून धरलाय. तो काढा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवा."

त्याने जोड काढला. पुसला. बसवला. टक्. मोटर गुणगुणायला लागली... आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याने हळूहळू मान वर केली.

"आणि..." ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हवामान?"

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी आनंद आला त्याच्या चेहऱ्यावर, स्वच्छ, भरभरून. आणि मग त्यावर काहीतरी पसरलं.

"आत्ता काही सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि सायकलवर बसला.

"अहो, हिचा घसा बसला होता ना?" बाई कुजबुजल्या.

"तू जरा गप्प बस," मुख्याध्यापक म्हणाले.

परतीच्या आठ किलोमीटरमध्ये तो एक अक्षर बोलला नाही. खेकड्यांसाठी घंटी वाजली, तेवढीच. ती मागून त्याच्या पाठीकडे बघत सायकल चालवत होती आणि मनात स्वतःला मिळतील तेवढ्या शिव्या घालत होती.

दुकानाशी पोचल्यावर मुख्याध्यापक दांपत्य निरोप घेऊन गेलं. तो सायकली धुवायला मागे निघून गेला. वहिनींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, त्याच्या पाठमोऱ्या चालण्याकडे एकदा पाहिलं, आणि हेल्मेट हातात घेत म्हणाल्या, "तू मदत केंद्र ना गं?"

तिने होकार दिला. कान झाकायला आता काही नव्हतं.

"दर मंगळवारी दाढी करून फोनला बसतो तो," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची, अरे, तिला दिसतंय का? जा मागे. रागावलाय, पण त्याचा राग नारळपाणी संपेपर्यंतच टिकतो." आणि त्यांनी तिच्या हातात दोन शहाळी दिली.

मागच्या अंगणात तो पाच नंबरची सायकल पुसत होता. मघापासून तीच एक पुसत असावा.

"चार तास," तो वर न बघता म्हणाला. "चार तास तुम्ही शेजारी होतात, आणि मी तुम्हाला कोमट पाणी पाजत होतो."

"चुकलं माझं."

"मला तपासायला आला होतात का? माल बरा आहे का नाही बघून घ्यावा, तसं?"

"नाही हो!" ती म्हणाली. "फोनवर मी हुशार असते. समोर पुस्तक असतं, सगळी उत्तरं येतात. इथे पट्टा घट्ट आहे का एवढंही सांगता येईना मला. वाटलं, तुम्ही बघाल आणि म्हणाल... हीच का ती? घामाघूम, केस चप्प झालेले. म्हणून ठरवलं होतं, गुपचूप बघायचं आणि जायचं. कालच ती नोकरी संपली माझी, सोमवारपासून दुसऱ्या शहरात जायचंय. आता फोन यंत्रच उचलणार."

त्याचा हात थांबला. "म्हणजे आज मी ती सायकल दुरुस्त करू शकलो असतो तर...?"

"तर मी साडेचारच्या बोटीने गेले असते."

तो एकदम सायकलशेजारी खालीच बसला. तिने शहाळं पुढे केलं. त्याने घेतलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मागच्या मंगळवारी फोन हातात घेऊन बसलो होतो. ठरवलं होतं, ध्वनिमुद्रण होऊ दे नाहीतर लाल दिवा लागू दे, आज विचारायचंच, भेटाल का म्हणून. सहा वाजले. धीर झाला नाही."

"मीही सहापर्यंत बसले होते."

मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. "एक विचारू? तुमच्याकडे सायकली आठच आहेत."

"...हो."

"मी नवव्या सायकलीच्या तीन तक्रारी नोंदवल्यात. एकदा चाक, एकदा दिवा, एकदा सीट."

तो मानेपर्यंत लाल झाला. "ती... नववी कायम दुरुस्तीलाच असते."

"आणि हवामानाचा रकाना दीड वर्षापूर्वीच काढून टाकलाय कंपनीने."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि मग असा खळखळून हसला, की वहिनी खिडकीतून डोकावल्या आणि समाधानाने आत गेल्या. राग शहाळ्याच्या अर्ध्यावरच संपला होता.

साडेचारच्या बोटीत तो तिच्यासोबत चढला. "पलीकडच्या धक्क्यापर्यंत येतो. हीच बोट परत आणेल मला." चाळीस मिनिटांचं पाणी. बोटीचा म्हातारा तांडेल त्याचा ओळखीचा होता. त्याने दोघांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि त्यांना मागची, वाऱ्याची जागा दिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघांना हवं ते बोलायची मुभा होती, आणि दोघांना एक वाक्य सुचेना. पाणी कापत बोट निघाली होती, तुषार अंगावर येत होते. त्याने तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला. मग बोटं जरा सैल करून नीट, गुंतवून, पुन्हा धरली.

"हात गार आहेत तुमचे," तो म्हणाला.

"भीती वाटतेय."

"कशाची?"

"बोट लवकर पोचेल याची."

बोट पोचलीच. धक्क्यावर माणसांची चढउतार, भोंगा, इंजिनाची घरघर. तो तिची बॅग घेऊन उतरला आणि घाईघाईने म्हणाला, "उद्या, रविवारी येऊ? तुझ्या घरी?" तुम्हीवरून तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "कुणाकुणाला भेटावं लागेल?"

"आईला. आणि ताईला. आई सोपी आहे."

"ताईची तयारी करून येतो."

"अरे चल, भरती थांबत नाही कुणासाठी!" तांडेल ओरडला. तो उडी मारून बोटीत चढला. बोट हलली, दोघांमध्ये हातभर पाणी आलं, मग दोन हात, मग दहा. तेवढ्यात त्याला एकदम काहीतरी आठवलं, आणि तो कठड्याला धरून ओरडला, "आणि समजा... रविवारी मी तुला मागणी घातली, तर? तू काय म्हणशील?"

तिने उत्तर दिलं. पण नेमका तेव्हाच भोंगा वाजला.

"काय?" तो कठड्यावरून इतका वाकला, की तांडेलाने मागून त्याचा शर्ट धरला. "काय म्हणालीस?"

तिने बॅग खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि धक्क्यावरची सगळी माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने पुन्हा सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ते अर्धवट पोचलं. तो वेड्यासारखा तिच्याकडे बघत होता.

"हो म्हणाली ती, हो!" तांडेल त्याला शर्टाला धरून खाली ओढत म्हणाला. "दोनदा म्हणाली. आता बस खाली, नाहीतर रविवारपर्यंत पाण्यातच राहशील."